वाफेवर वसलेले गाव



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "रोटोरुआ." ते काही क्षण बोललेच नाहीत. हा गृहस्थ बोनसवर बोलेल, फार तर कंत्राटी कामगारांवर बोलेल, असा त्यांचा अंदाज असावा. गेली तीस वर्षे मी हॉटेले, लॉज आणि खानावळी यांत राबणाऱ्या माणसांची संघटना बांधण्याचे काम करीत आलो आहे. शाळेशी माझा संबंध सातवीतच संपला. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयात आणि इथे या गोदाकाठी, तुमच्यासारख्या श्रोत्यांच्या मागे उभे राहून. अशा माणसाने परदेशातील प्रेक्षणीय स्थळांवर बोलावे हे जरा विचित्र दिसते खरे. पण मी जे पाहिले ते हॉटेल कामगाराच्या डोळ्यांनी पाहिले. त्या डोळ्यांना जे दिसते ते प्रवासी कंपन्यांच्या पत्रकांत छापलेले नसते, म्हणून हे धाडस.

माझी पुतणी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टन शहरी परिचारिका आहे. ती म्हणाली, "काका, जन्मभर तुम्ही दुसऱ्यांच्या सुट्टीतल्या भांडणांत घालवलात. एकदा स्वतः सुट्टी घ्या." २०२४ साली मी गेलो, आणि एके दिवशी ती मला मोटारीने रोटोरुआला घेऊन गेली. रस्ता दीड-पावणेदोन तासांचा. ज्या देशात १८४० साली सॅम्युअल पार्नेल नावाच्या सुताराने आठ तासांपेक्षा जास्त काम करणार नाही असे मालकाला ठणकावून सांगितले, त्या देशाची माती पाहण्याची मला उत्सुकता होतीच. परंतु रोटोरुआची माती म्हणजे निराळेच प्रकरण आहे!

गाव दिसण्यापूर्वी नाकाला कळते. सडक्या अंड्यांचा वास. जमिनीतून निघणाऱ्या गंधकाच्या वायूचा तो वास आहे. चांदीचा दागिना घालून तिथे राहिलात तर तो काळवंडतो. रस्त्याकडेच्या गटारातून वाफ निघते, कोणाच्या परसातून निघते, बागेतल्या कुंपणाआडून निघते. कुइराऊ नावाची सार्वजनिक बाग आहे, तिथे तिकीट नाही. एका बाजूला मुले झोपाळ्यावर खेळताहेत आणि दुसऱ्या बाजूला कुंपणाआड पिठल्यासारखा चिखल रटरटतो आहे. गावकरी हौदात पाय सोडून गप्पा मारीत बसतात. आपल्याकडे पारावर बसतात तसे.

हे सारे होते कसे, ते थोडक्यात सांगतो. सुमारे दोन लाख चाळीस हजार वर्षांपूर्वी तिथे एक प्रचंड ज्वालामुखी उसळला आणि मग जमीन खाली खचली. त्या खळग्यात पाणी साठून रोटोरुआचे तळे झाले. त्याचा विस्तार सुमारे ८० चौरस किलोमीटर. खालचा खडक अजून तापलेला आहे. पावसाचे पाणी भेगांतून खाली उतरते, तापते आणि वर येते. जिथे वाट अरुंद असते तिथे वरच्या पाण्याच्या दाबामुळे खालचे पाणी शंभर अंशांच्या पलीकडे तापूनही उकळत नाही. प्रेशर कुकरमध्ये होते तेच. मग वरचे थोडे पाणी सांडले की दाब कमी होतो, खालच्या पाण्याची एकदम वाफ होते आणि सारा स्तंभ आकाशात उसळतो. याला गीझर म्हणतात. आपण न्हाणीघरातल्या बंबाला जे नाव देतो ते मूळचे आइसलंडमधल्या अशाच एका कारंज्याचे.

तळ्याच्या मधोमध मोकोइया नावाचे बेट आहे. तिथली एक कथा गावातले पोरगेदेखील सांगते. हिनेमोआ नावाची सरदारकन्या काठावर राहत होती आणि तुतानेकाई नावाचा तरुण बेटावर. तो रात्री पावा वाजवी. तिच्या घरच्यांना हे मान्य नव्हते. तिने जाऊ नये म्हणून त्यांनी होड्या ओढून घेतल्या. तेव्हा तिने सुके भोपळे अंगाला बांधले आणि अंधारात पाव्याच्या सुरावर पोहत बेट गाठले. थंडीने काकडलेली ती पोर बेटावरच्या गरम कुंडात उतरून बसली. आपल्यापैकी पन्नाशीच्या पुढचे पुष्कळ जण पाठीला भोपळा बांधूनच पोहायला शिकले असतील. त्यांना ही कथा परकी वाटणार नाही.

तळ्याभोवतीचे हे लोक माओरी आहेत. त्यांच्या तेआरावा या मोठ्या कुळाच्या अनेक शाखा तिथे नांदतात. पहिली गोष्ट मला सांगावयाची आहे ती ही, की हे स्थळ कोणी पर्यटनासाठी शोधून काढलेले नाही. ते आधी घर होते. माणसे त्या वाफेवर अन्न शिजवीत, त्या पाण्यात न्हात, त्या उबेवर हिवाळा काढीत. प्रेक्षणीय स्थळ हे बहुधा कोणाचे तरी घर असते, आणि त्या घराच्या दाराची किल्ली कोणाच्या हाती राहते, हा खरा प्रश्न असतो.

रोटोरुआजवळ रोटोमाहाना नावाचे दुसरे सरोवर आहे. त्याच्या काठी एके काळी गारगोटीच्या क्षारांच्या पायऱ्याच पायऱ्या होत्या, एक ओळ पांढरी आणि एक गुलाबी. प्रत्येक पायरीत कोमट पाणी. जगाचे आठवे आश्चर्य म्हणून युरोपातून माणसे महिनोन् महिने बोटीचा प्रवास करून ते पाहायला येत. पुढे घोडा, मग होडी, मग पायपीट. ही जागा तुहोरांगी या शाखेची होती. वाट दाखविण्याचे, होडी वल्हविण्याचे पैसे ते स्वतः ठरवीत आणि स्वतः घेत. त्यांच्या सभागृहातल्या कोरीव पुतळ्यांच्या डोळ्यांत शिंपल्यांऐवजी सोन्याची नाणी बसविलेली होती, असे सांगतात. गोरे प्रवासी कुरकुरत, की हे लोक फार पैसे घेतात. श्रोतेहो, ही कुरकुर मी ओळखतो. कष्टकऱ्याने स्वतःचा दर स्वतः ठरविला, की पाहुण्याला तो नेहमीच महाग वाटतो.

१० जून १८८६. मध्यरात्र उलटली आणि तारावेरा डोंगर फुटला. पहाटेपर्यंत सारे संपले. सुमारे १२० माणसे गेली, गावे राखेखाली गाडली गेली, आणि त्या पांढऱ्या-गुलाबी पायऱ्या नाहीशा झाल्या. वाइरोआ गावात सोफिया हिनेरांगी नावाची वाटाडी बाई होती. तिच्या उतरत्या छपराच्या मजबूत झोपडीत साठाच्या आसपास माणसांनी आसरा घेतला आणि ती वाचली. तुहोरांगी लोकांचे घर गेले आणि धंदाही गेला. फाकारेवारेवा येथल्या नातेवाइकांनी त्यांना जागा दिली. सोफियाही तिथे आली आणि तिने पुन्हा वाटाड्याचे काम सुरू केले. आज रोटोरुआत जी प्रमुख कारंजी दाखवितात ती याच फाकारेवारेवाची.

आता किल्लीची गोष्ट. १८८० साली न्यायाधीश फेंटन यांनी तिथल्या न्गाती फाकाउए शाखेशी करार केला. जमीन माओरींची राहील, सरकार ती लिलावाने ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने देईल आणि भाडे मालकांना मिळेल. कागदावर हा करार चांगला होता. परंतु भाडेकरूंनी भाडे थकविले, मालक अडचणीत आले, आणि थोड्याच वर्षांत गावाची जमीन सरकारने विकत घेतली. १९०१ साली न्यूझीलंड सरकारने पर्यटनाचे स्वतंत्र खाते काढले. जगातल्या अशा अगदी पहिल्या सरकारी खात्यांपैकी ते एक. १९०८ साली तळ्याकाठच्या बागेत भव्य स्नानगृह उघडले, जुन्या इंग्रजी वाड्याच्या थाटाचे. श्रीमंत युरोपियन संधिवाताच्या उपचारासाठी येत. मला त्या इमारतीविषयी सर्वांत जिव्हाळ्याची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. तिथले पाणी आणि वायू नळ खाऊन टाकी, गिलावा पोखरी. दर्शनी दालनात संगमरवरी पुतळे, आणि मागे कोणीतरी सतत नळ बदलतो आहे, भिंती लिंपतो आहे! पुढे तिथे वस्तुसंग्रहालय झाले, आणि भूकंपाच्या धोक्यामुळे २०१६ साली ते बंद करण्यात आले. मी ती इमारत कुंपणाबाहेरूनच पाहिली.

एका दुसऱ्या कारंज्याचेही असेच. गावापासून काही अंतरावर वाइओतापू येथे लेडी नॉक्स नावाचे कारंजे आहे. ते रोज सकाळी सव्वादहाला उडते. निसर्ग एवढा वक्तशीर कसा? तर एक माणूस येतो आणि त्यात साबण टाकतो! साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि कारंजे उसळते. नाव एका गव्हर्नरच्या मुलीचे. पण ही युक्ती कळली कोणाला? विसाव्या शतकाच्या आरंभी तिथे कैद्यांची छावणी होती, झाडे लावण्याच्या कामासाठी. ते कैदी त्या झऱ्यात कपडे धुवायला गेले, साबण लावला आणि पाणी अंगावर उसळले. शोध लावणाऱ्यांची नावे कोणत्याही पाटीवर मला दिसली नाहीत.

आता फाकारेवारेवाच्या पुलावर येतो. हे गाव आजही राहते गाव आहे. वाफेच्या पेटीत मांस आणि कंदमुळे शिजतात, उकळत्या कुंडात जाळीत बांधून मक्याची कणसे सोडतात. गावात शिरताना ओढ्यावर पूल लागतो. खाली मुले पाण्यात उभी असतात आणि पाहुणे नाणी टाकतात. मुले बुडी मारून ती काढतात. शंभर वर्षांहून जुनी ही रीत आहे.

मी त्या पुलावर थांबलो आणि मला पुढे पाऊल टाकता येईना. कारण या व्यासपीठापासून हाकेच्या अंतरावर, रामकुंडाच्या खालच्या अंगाला, मीही नाणी वेचली आहेत. तेव्हा दहा पैशांचे नाणे अॅल्युमिनियमचे असे, हलके. ते पाण्यात हेलकावे घेत खाली जाई, आणि तळाला टेकण्यापूर्वी जो पकडील त्याचे. त्या पैशांवर घरी कधी भाजी आली आहे, कधी मीठ. पुढे चौदाव्या वर्षी एका लॉजवर पोऱ्या म्हणून लागलो. तिथे गिऱ्हाईक खूश होऊन बक्षिसी देई ती गल्ल्यात टाकावी लागे. एकदा मी दोन रुपये लपविले म्हणून मला रात्रभर जिन्याखाली बसवून ठेवले. माझ्या संघटनेची सुरुवात त्या जिन्याखाली झाली.

तर मला वाटले, या पोरांवर नाणे फेकणे बरे नव्हे. मी खाली उतरलो आणि एका मुलाच्या हातावर नाणे ठेवू लागलो. त्याने हात मागे घेतला. हसून पाण्याकडे बोट दाखविले. मी नाणे पाण्यात टाकले, त्याने सूर मारला, दातांत धरून वर आला. पुतणी म्हणाली, "काका, तो काय म्हणतोय कळलं का? फुकट नको म्हणतोय." मला ते कळायला हवे होते. मीही लहानपणी हातावर ठेवलेल्या पैशाला भीक समजत होतो आणि बुडी मारून काढलेल्याला कमाई. माणूस मोठा होतो, पुढारी होतो, आणि स्वतःचेच जुने शहाणपण विसरतो.

दुसऱ्या महायुद्धात माओरींची २८वी बटालियन ग्रीस, क्रीट, उत्तर आफ्रिका आणि इटलीत लढली. साडेतीन हजारांहून अधिक तरुण तीत गेले, सहाशेहून अधिक परतले नाहीत. तेआरावा भागातून भरती झालेल्या तुकडीला टोपणनाव पडले होते: नाण्यांसाठी बुड्या मारणारे. कोणी थट्टेने दिले असेल, पण त्यांनी ते मानाने मिरविले.

या गावाच्या वाटाड्या बहुतेक स्त्रिया. त्यांतली एक माकेरेती. १९०१ साली इंग्लंडच्या भावी राजाराणीला तिने हे गाव दाखविले. पुढे ती इंग्लंडला गेली, तिथे लग्न केले, आणि पन्नाशी उलटल्यावर ऑक्सफर्डला मानववंशशास्त्राचा अभ्यास करू लागली. आपल्या लोकांची राहणी तिने स्वतः लिहिली. १९३० साली, परीक्षेच्या तोंडावर, ती वारली. १९३८ साली तिचे पुस्तक निघाले. जिला लोक पाहायला येत होते तिनेच पाहणाऱ्यांच्या विद्यापीठात जाऊन सांगितले, की आमच्याविषयी आम्ही लिहू. माझ्यासारख्या सातवीवाल्याला याहून मोठे स्मारक त्या गावात दिसले नाही.

आता सर्वांत अवघड भाग. फाकारेवारेवाचे पोहुतू नावाचे कारंजे तासातून एक-दोनदा उडते, ३० मीटरपर्यंत. मी ते पाहिले तेव्हा सारी गर्दी अवाक् झाली. पण हे कारंजे मरता मरता वाचले आहे. गावात घरोघरी, मोटेल-मोटेलला बोअर पाडून गरम पाणी उपसण्याची चाल पडली. स्वस्त ऊब, फुकटचे इंधन. बोअर शेकडोंनी झाल्या. जमिनीतला दाब उतरू लागला. पापाकुरा नावाचे कारंजे १९७९ साली थांबले. लोकांना वैराकेईचा अनुभव आठवत होता. तिथे १९५८ साली भूगर्भातल्या वाफेवर वीज केंद्र सुरू झाले आणि पुढे तिथली कारंज्यांची दरी मेली.

१९८६ साली सरकारने हुकूम काढला. पोहुतूपासून दीड किलोमीटरच्या आतल्या साऱ्या बोअर बंद. शंभराहून अधिक बोअर बुजविल्या गेल्या. उरलेल्यांवर आकार बसला. गावात संताप झाला. मी मनाशी विचारले, तू त्या वेळी तिथे असतास तर कोणाच्या बाजूला उभा राहिला असतास? उत्तर प्रामाणिकपणे देतो. मी बोअर बंद झालेल्या घरांच्या मोर्चात पुढे असतो. थंडीच्या दिवसांत एखाद्या विधवेचे गरम पाणी बंद करून पाहुण्यांसाठी कारंजे उडवायचे, हा कुठला न्याय, असे मी ओरडलो असतो.

आणि माझी निम्मी चूक झाली असती. कारण ते कारंजे पाहुण्यांचे नव्हते. आपल्या घरापुरते पाणी उपसणारा प्रत्येक जण निर्दोष होता, आणि सारे मिळून गावाचा प्राण उपसत होते. संपात फूट पडते तीही अशीच. प्रत्येकाची अडचण खरी असते आणि एकूण मात्र घात होतो. बोअर बंद झाल्यावर जमिनीतला दाब पुन्हा चढला, निजलेले झरे जागे झाले. पापाकुरा २०१५ साली पुन्हा उसळले. हुकूम बरोबर होता. आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. त्या हुकुमात गावातल्या सरकारी कचेऱ्यांच्या बोअरही बंद झाल्या. ज्याने नियम केला त्याने तो स्वतःला लावला. मात्र उरलेला निम्मा प्रश्न मी सोडत नाही. सर्वांच्या हितासाठी जेव्हा काही बंद करावे लागते, तेव्हा त्याची थंडी कोणाच्या घरात शिरते, हे विचारणारा कोणीतरी असावाच लागतो.

किल्लीचे पुढे काय झाले? १९२७ साली माओरी नेते अपिराना न्गाटा यांच्या प्रयत्नाने रोटोरुआत लाकडी कोरीवकामाची शाळा निघाली. १९६३ च्या कायद्याने फाकारेवारेवात माओरी कलांची संस्था स्थापन झाली. पाहुण्याच्या तिकिटाचा पैसा तिथे तरुणांच्या शिक्षणाकडे वळतो. काचेआड पोरे छिन्नी चालविताना मी पाहिली. २००९ साली त्या दरीची जमीन आणि २०२० साली ती संस्था कायद्याने तिथल्या माओरी शाखांकडे परत आली. १८८६ पासून मोजा. एकशेचौतीस वर्षे.

पण त्याच २०२० साली महामारीमुळे देशाच्या सीमा बंद झाल्या आणि पाहुणे नाहीसे झाले. कारंजी उडतच होती, पाहायला कोणी नव्हते. रिकाम्या मोटेलांत सरकारने बेघर कुटुंबांना ठेवले, आणि काही वर्षे मुलेबाळे तिथेच वाढली. त्यांतली बरीच मोटेले ज्या रस्त्यावर आहेत त्याचे नाव फेंटन रस्ता. ज्याने जमिनीचा करार केला त्याचेच नाव. पाहुण्यांसाठी खाटांची रांग लावणाऱ्या गावात गावच्याच माणसाला घर नव्हते, हे त्या दिवसांत साऱ्या देशाने पाहिले. हे मी कोणाला हिणविण्यासाठी सांगत नाही. आपल्या यात्रेच्या गावी याहून वेगळे काय आहे? जो दिवसभर गाद्या घालतो तो रात्री कुठे निजतो, हे आपण किती वेळा विचारले आहे?

मित्रहो, आपले नाशिकही पाण्याकाठचे, पाहुण्यांचे गाव आहे. बारा वर्षांनी सिंहस्थाला लाखो माणसे येतात. २००३ च्या सिंहस्थाच्या कामांत गोदापात्रातल्या कुंडांच्या तळाशी काँक्रीट पडले. त्याखाली जिवंत झरे बुजले, अशी तक्रार घेऊन याच गावची माणसे न्यायालयात गेली, आणि पुढे काही कुंडांतले काँक्रीट काढावेही लागले. तिकडे झरा जगावा म्हणून बोअर बुजविल्या. इकडे गर्दीची सोय व्हावी म्हणून झरे बुजविले. मला या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्याशा वाटल्या, म्हणून हा विषय घेतला.

यापुढे सहलीला जाल तेव्हा डोंगर पाहा, कारंजे पाहा, फोटो काढा. सुट्टी हा कष्टकऱ्याचाही हक्क आहे, आणि तो मिळावा म्हणूनच आम्ही भांडतो. फक्त तीन प्रश्न बरोबर न्या. हे कोणाचे घर आहे? ते चालू कोण ठेवतो? आणि माझ्या तिकिटाचा पैसा कुठे जातो? उत्तर मिळाले नाही तर लॉजवरच्या पोऱ्याला विचारा. त्याला बहुतेक ठाऊक असते. आणि त्याला बक्षिसी द्याल तर ती त्याच्याच खिशात राहील एवढे पाहा.